छपरावर अडकलेलं मांजर: शेजाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवली-ठाण्याच्या पट्ट्यात कौलारू चाळी, पत्र्याच्या शेड आणि बारा मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. मांजरांना तो सगळा एकच रस्ता वाटतो. आम्ही काही जणी फावल्या वेळात अशा अडकलेल्या मांजरांसाठी धावतो. रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनवर आणि निरोपांत तेच ते प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. मांजर आत्ता वर असेल तर आधी प्रश्न 3 वाचा. जवळून विजेची तार जात असेल तर त्याही आधी प्रश्न 9.

1. वर चढता येतं, मग त्याला खाली का उतरता येत नाही?

मांजराची नखं मागच्या बाजूला वळलेली असतात, आकड्यासारखी. वर चढताना ती सालीत किंवा लाकडात रुततात आणि अंगाचा भार पेलतात. डोकं खाली करून उतरायला गेलं की तीच नखं निसटतात. खार किंवा भीमाशंकरचं शेकरू झाडावरून सरळ डोकं खाली करून येतं, कारण त्यांचे मागचे पाय घोट्यात उलटे फिरतात. घरच्या मांजराचे तसे फिरत नाहीत. त्याला माणूस शिडी उतरतो तसं पाठमोरं, शेपटीकडून उतरावं लागतं. बऱ्याच मांजरांना हे जमतं, पण घाबरलं की सुचत नाही.

छपराचं आणखी एक आहे. धडधाकट मांजर पाच फुटांची उडी वर सहज मारतं. खाली उडी मारताना मात्र पाय कुठे टेकणार हे त्याला दिसावं लागतं. पागोळीच्या कडेवरून खाली बघितलं की दिसतात ती माणसं, कुत्री आणि मोटारसायकली. मग ते कडेपर्यंत येतं, वाकून बघतं आणि परत आढ्याकडे जातं.

2. ते खरंच अडकलंय की नुसतं ऊन खात बसलंय?

पाय पोटाखाली घेऊन डोळे मिटलेलं, मधूनच अंग चाटणारं मांजर मजेत आहे. त्याला तसंच राहू द्या. अडकलेलं मांजर एकाच कडेला पुन्हा पुन्हा येतं, पुढचा पाय खाली सोडून अंदाज घेतं आणि मागे सरतं. त्याचं ओरडणं लांबट असतं आणि थांबत नाही. शेपूट अंगाला घट्ट, कान आडवे. अशी येरझार अर्धा-पाऊण तास चालली तर अडकलंय असं धरून चाला.

तोंड उघडं टाकून धापा टाकणं, लंगडणं, तोंडातून रक्त किंवा लाळ, हाक मारली तरी मान न उचलणं, यांतलं काहीही दिसलं तर ते जखमी किंवा आजारी आहे. तिथे वाट बघू नका. प्रश्न 10 बघा.

3. आत्ताच दिसलंय. सगळ्यात आधी काय करू?

गर्दी हटवा. फोन केलेल्या माणसाला हे उत्तर आवडत नाही, कारण त्याला शिडी हवी असते. पण आतापर्यंत जितकी मांजरं सुखरूप खाली आलेली बघितली, त्यांतली निम्म्याहून जास्त माणसं निघून गेल्यावर आपल्या पायांनी उतरली.

एका चाळीच्या पत्र्यावर एक तपकिरी भाटी दोन दिवस अडकून होती. खाली पस्तीस-चाळीस माणसं, पोरं मोबाईल धरून उभी, वरच्या गॅलरीतून कोणी चपात्या फेकतंय, कोणी झाडूच्या दांड्याने पत्रा वाजवतंय. प्रत्येकाला मनापासून मदतच करायची होती. दुसऱ्या रात्री सगळ्यांना हात जोडून घरी पाठवलं, अंगणातला दिवा घालवला आणि आम्ही दोघी जिन्याखाली अंधारात बसलो. पहाटे तीनच्या सुमारास भाटी पत्र्याच्या टोकाला आली, शेजारच्या पाण्याच्या पिंपावर उतरली आणि तिथून जमिनीवर. पिंप दोन्ही दिवस तिथेच होतं. त्याच्याभोवती माणसं होती, एवढंच.

तर क्रमाने: माणसं आणि मुलं आत. खालच्या कुत्र्यांना कोणीतरी बिस्किटं दाखवून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला न्यावं आणि तिथेच थांबावं. मोठे आवाज बंद. मांजर पाळीव असेल तर मालकाने एकट्याने, रोजच्या आवाजात, रोजच्याच नावाने हाक मारावी. बाकी कोणी ‘माऊ माऊ’ करू नये. मग ते वर कुठून गेलं असेल ते शोधा: झाड, जिन्याचा कठडा, शेजारची भिंत, पाइप. तो रस्ता मधल्या काळात बंद झालाय का? फांदी मोडली, खिडकी लावली, टेम्पो हलवला? शेवग्याची फांदी तर मांजराच्या वजनानेही कडकन मोडते. तो रस्ता पुन्हा उघडता आला तर पुढचं काही करावं लागत नाही.

4. किती वेळ वाट बघायची?

मोठं, धडधाकट मांजर असेल आणि हवा बरी असेल तर एक रात्र पूर्ण द्या. आपल्याला काळोख वाटतो तेवढ्या उजेडात मांजराला स्पष्ट दिसतं, आणि शांतता फक्त रात्रीच मिळते. चोवीस तासांत उतरलं नाही तर बाहेरची मदत घ्या.

त्याहून जास्त ताणू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत निकामी होऊ शकतं. लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी भाटी, म्हातारं मांजर आणि प्रश्न 2 मधली आजाराची लक्षणं, या सगळ्यांना चोवीस तासांचा नियम लागू नाही. उन्हापावसाचं प्रश्न 12 मध्ये.

5. खायला काय ठेवू? दूध चालेल का?

दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना गायी-म्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि उपाशी तहानलेल्या जीवाला जुलाब म्हणजे अंगातलं उरलंसुरलं पाणीही गेलं.

लांबवर वास जाईल असं काहीतरी हवं. तव्यावर कोरडं भाजलेलं सुकट किंवा जवळा यासारखं दुसरं काही नाही. शाकाहारी घरात भांडं चालत नसेल तर पत्रावळीवर ठेवा. तिखट, मीठ, हळद, कांदा, लसूण काही घालू नका, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. खाणं वर फेकू नका. वरच पोट भरलं तर खाली यायचं कारण उरत नाही. उतरायच्या वाटेवर चिमूट चिमूट ठेवत या आणि मोठा वाटा खाली, आडोशाला. पाण्याचं मात्र उलट. ते वर पोचवता आलं तर जरूर पोचवा.

6. उतरायला फळी लावायचीय. कशी लावू?

एवढी एकच गोष्ट नीट शिकून घेतलीत तर अर्धी कामं तुमची तुम्हीच कराल.

फळी आठ-दहा इंच रुंद असावी. अरुंद फळीवर मांजर पाय ठेवून बघतं आणि मागे घेतं. गुळगुळीत सनमायका लावलेली फळी कुचकामी. तिच्यावर गोणपाट गुंडाळा आणि सुतळीने दर वीतभर अंतरावर करकचून बांधा. या सुतळीच्या वेढ्यांमध्ये नखं अडकतात, त्याचीच त्याला पायरी होते. उतार जेवढा कमी तेवढं बरं. अर्ध्या काटकोनापेक्षा तिरकी फळी घेऊ नका, मग भले ती लांब लागो.

दोन्ही टोकं बांधा. याबाबत हयगय नको. फळी एकदा जरी पायाखाली हलली तर ते मांजर दोन दिवस तिच्याकडे फिरकत नाही. वरचं टोक खिडकीच्या ग्रिलला, गॅलरीच्या कठड्याला किंवा उघड्या वाशाला बांधता येतं, आणि हे काम घरातून, गॅलरीतून किंवा जिन्यातून हात पुरत असेल तरच करायचं. त्यासाठी छपरावर जायचं नाही (प्रश्न 7).

एवढी लांब फळी नसेल तर खिडकीतून खालच्या कठड्यापर्यंत सुती साडी दुहेरी करून ताणून बांधा. नऊवारी आठ मीटरच्या आसपास भरते, म्हणजे दुहेरी करूनही एका मजल्याला पुरते. नायलॉन किंवा सिल्कची नको, नख धरत नाही. कौलांच्या कडेवर जुनी गोधडी टाकून तिचं टोक खाली सोडलं तरी मांजर तिच्यात नखं रोवून पाठमोरं येतं. हे सगळं झालं की तिथून निघून जा. फळीखाली उभं राहून ‘ये, ये’ करणारा माणूस हीच मांजराची अडचण असते.

7. आमच्यातला एक मुलगा वर चढायला तयार आहे. जाऊ द्यावं का?

नाही.

कारण माहीत असावं म्हणून सांगते. सिमेंटचा पत्रा बाहेरून दगडासारखा वाटतो, पण उन्हापावसाने आतून ठिसूळ होतो आणि चाहूल न देता फुटतो. असा एक विशीतला मुलगा पत्र्यातून थेट खालच्या गाळ्यात पडलेला मी बघितला आहे. मांडीचं हाड मोडलं, चार महिने अंथरुणावर. मांजर त्याच संध्याकाळी भिंतीवरून उतरून गेलं. त्याच्या आईचा चेहरा आठवला की आजही फोनवर माझा आवाज चढतो. मंगलोरी कौलं नुसती वाशांवरच्या रिपांवर टेकलेली असतात, माणसाचं वजन घ्यायला नाही. लोखंडी पत्रा पावसाळ्यात शेवाळलेला असतो.

शिवाय माणूस वर आला की मांजर त्याच्यापासून लांब, म्हणजे कडेकडेच जातं. पक्क्या स्लॅबच्या, कठडा असलेल्या गच्चीवर जायला हरकत नाही. बाकी सगळीकडे दोर, पट्टा आणि सराव असलेली माणसंच.

8. खाली चादर धरून त्याला उडी मारायला लावली तर? मांजर पायांवरच पडतं ना?

हवेत वळून पायांवर येण्याची कला त्याच्यात आहे, हे खरं. 1987 साली न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. उपचार झालेल्यांपैकी 90 टक्के जगली. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. मात्र जी जागच्या जागी मेली ती दवाखान्यात आलीच नाहीत, आणि जगलेल्यांतही फुप्फुसाला मार, फाटलेला टाळू, मोडलेला जबडा आणि पाय होते.

म्हणून हुसकावून उडी मारायला लावू नका. चादर धरायचीच तर ते निसटलं तर असावी म्हणून, गपचूप, चौघांनी, थोडी सैल धरा. ताठ ताणलेल्या चादरीवरून ते उसळून बाहेर पडतं. पडलंच, तर चालताना ठीक दिसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

9. छपराजवळून विजेची तार जातेय.

मग फळी, शिडी, बांबू, काही वर नेऊ नका. ॲल्युमिनियमची शिडी तर अजिबात नको, आणि ओल्या बांबूतूनही वीज वाहते. 1912 हा वीज तक्रारीचा क्रमांक आहे. तिथे ‘तारेजवळ प्राणी अडकला आहे, पुरवठा बंद करून हवा’ असं स्पष्ट सांगा आणि जवळच्या खांबाचा किंवा डीपीचा क्रमांक द्या. वायरमनने पुरवठा बंद केल्याचं स्वतः तोंडाने सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. गल्लीतले दिवे गेले म्हणजे ती तारही बंद झाली असं होत नाही. मांजर तारेलाच चिकटलेलं दिसत असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा.

10. अग्निशमन दल मांजरासाठी येतं का? आणि दुसरं कोण येतं?

येतं. 101 लावा, नाही लागला तर 112. पतंगाच्या मांजात अडकलेल्या घारीपासून गटारात पडलेल्या गायीपर्यंत सगळ्यांसाठी ही माणसं येतात. त्याच वेळी आगीचा फोन आला तर तुम्हाला थांबावं लागेल, आणि ते योग्यच आहे.

फोनवर रडून उपयोग नाही, माहिती द्या: पत्ता आणि जवळची खूण, कितव्या मजल्याच्या उंचीवर, छप्पर कशाचं, तार जवळ आहे का, गल्लीत मोठी गाडी वळते का, किती तास झाले. गाडी येईपर्यंत गल्लीतल्या दुचाक्या हलवा आणि फाटक उघडं ठेवा. जवान आल्यावर मांजर भेदरून आणखी वर जाऊ शकतं, म्हणून एकाने पिंजरा आणि जाडी चादर घेऊन तयार राहावं.

जखमी असेल तर मुंबईत परळचं प्राण्यांचं जुनं रुग्णालय आहे, ज्याला सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. पुण्यात रेस्क्यू ट्रस्ट आहे. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक, पण त्यांचा भर गुराढोरांवर असतो. आपल्या भागात मांजरं तपासणारा डॉक्टर कोण, हे आजच विचारून ठेवा. अर्ध्या रात्री शोधायला लागू नये.

11. छज्जावर, एसीच्या मागे किंवा डक्टमध्ये अडकलं असेल तर?

छज्जा असेल तर सगळ्यात जवळची खिडकी कोणाच्या घराची ते बघा. त्या खोलीतला दिवा बंद, पंखा बंद, दार लावून घ्या, खिडकी सताड उघडी, आत सुकट. खिडकी आणि छज्जा यांच्यात अंतर असेल तर प्रश्न 6 मधली फळी आडवी टाका. पाळीव मांजराला टोपलीही चालते: भाजीची मोठी करंडी, तीन ठिकाणी दोरी म्हणजे कलंडत नाही, आत त्याचंच अंथरूण. छज्जाला टेकवून ठेवा आणि ते पूर्ण बसल्यावर एका संथ लयीत ओढा. खिडकीबाहेर अंग काढून हात लांबवू नका. ओढलेलं मांजर हातात चावतं आणि दोघांचा तोल जातो.

डक्टमध्ये मांजर बहुधा तळाशी असतं. तळमजल्यावर डक्टचं छोटं दार असतं, किल्ली वॉचमनकडे. तिथे पिंजरा लावा, झाका आणि वरच्या मजल्यांना तासभर फ्लश आणि नळ जपून वापरायला सांगा.

12. भर पाऊस आहे, किंवा मे महिन्याचं ऊन आहे. तरी रात्रीपर्यंत थांबायचं?

उन्हात नाही. मे महिन्यात दुपारी पत्र्यावर हात ठेवून बघा, टेकवत नाही. मांजराला पंजांखेरीज फारसा घाम येत नाही. त्याच्या अंगाचं साधं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस, आणि 40 च्या वर गेलं की जिवावर बेततं. सकाळी अकराच्या आत उतरवता येत नसेल तर लगेच 101. तोवर वरच्या खिडकीतून पत्र्याच्या एका भागावर ओलं गोणपाट सोडा, ते आपणहून त्यावर जाऊन बसतं.

पावसात ते आढ्याच्या किंवा टाकीच्या आडोशाला गेलं असेल तर सर ओसरेपर्यंत थांबणं बरं, निसरड्या पत्र्यावरून उतरताना घसरतं. मोठं मांजर भिजल्याने लगेच काही होत नाही. पिल्लू भिजलं तर तासाभरातच गार पडतं, तिथे थांबू नका.

13. कौलांखालून पिल्लांचा आवाज येतोय. आई दिसत नाही.

हात लावू नका, आधी चार-पाच तास लांबून लक्ष ठेवा. भाटी शिकारीला गेलेली असते, किंवा तुमच्यामुळेच येत नसते. ती पिल्लं एकेक करून जागा बदलते, तेव्हा अर्धी न्यायची बाकी असतानाही ती एकटी पडल्यासारखी वाटतात. पोट गोल आणि झोप शांत असेल तर आई येतेय. सतत रडणं, खपाटीला गेलेलं पोट, गार अंग, मुंग्या: तेव्हाच उचला. आधी ऊब द्या, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. गार पिल्लाच्या तोंडात दूध घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. वर अडकलेली भाटी पान्हावलेली दिसली तर तिची पिल्लं खाली कुठेतरी उपाशी आहेत. तिला प्राधान्याने उतरवा.

14. ज्यांच्या खिडकीतून जायचंय ते शेजारी दार उघडत नाहीत.

दहा जणांनी जाऊन बेल वाजवली तर मीही उघडणार नाही. त्यांच्या ओळखीची एकच बाई किंवा आजोबा पाठवा. ‘दहा मिनिटं खिडकी हवी, चपला बाहेर काढतो, फरशी पुसून देतो’ असं सांगा, आणि खरंच पुसून द्या. अनेकांना मांजराची भीती असते. त्यांना मधल्या खोलीचं दार लावून आत बसू द्या.

घराला कुलूप असेल तर मालकाला फोन करून शेजाऱ्यांकडे ठेवलेली किल्ली मिळते का बघा. कुलूप तोडू नका, तो निर्णय अग्निशमन दलाने पोलिसांसमोर घ्यायचा.

15. काही जण दगड मारतायत, पाण्याचा फवारा मारतायत. त्यांना कायद्याने थांबवता येतं का?

येतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र 10 ते 50 रुपये एवढाच, आणि तो वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. प्राण्याला ठार किंवा कायमचं जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मांजर कोणाचं पाळलेलं नसलं तरी.

पण मांजर वर असताना गल्लीत भांडण पेटवू नका. फवारा मारणाऱ्याला बहुधा त्याला खालीच आणायचं असतं. त्याच्या हातात दुसरं काम द्या: ‘काका, तेवढी कुत्री सांभाळा.’

16. पकडताना त्याने ओरबाडलं. पाळीव आहे, तरी इंजेक्शन घ्यायचं?

साबण आणि वाहत्या पाण्याने घड्याळ लावून 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तेल, मिरची काही लावू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे. रेबीज मांजरापासूनही होतो आणि लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून ‘एवढंसं तर आहे’ हा विचार करू नका. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. कातडीत देतात ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं औषधही लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. मांजराला लस दिलेली असेल तर त्याचं कार्ड सोबत न्या. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून जखम बंद होते आणि आत पू होतो. धनुर्वाताचंही विचारा.

17. खाली आलं एकदाचं! आता?

मिठी मारू नका. अंधाऱ्या, बंद खोलीत खोकं, पाणी आणि थोडं खाणं ठेवून एकटं सोडा. बराच वेळ उपाशी असेल तर पहिल्या दिवशी थोडं थोडं, चार वेळा. पंजाच्या गाद्या भाजल्यात का, नखं उपटलीत का बघा. दुखतंय म्हणून माणसाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारते. चोवीस तासांत खाल्लं नाही किंवा लघवी केली नाही तर दवाखाना.

18. रात्री वर होतं, सकाळी दिसत नाही. उतरलं असेल का?

बहुधा हो, पण खात्री करून घ्या. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं आहे का, हे पहिलं बघा. मग पन्हळ, डक्ट, दोन भिंतींमधली बोळ, गाड्यांचं बोनेट. आजूबाजूच्या गाडीवाल्यांना सुरू करण्याआधी बोनेटवर थाप मारायला सांगा. रात्री साडेअकरानंतर मालकाने पुन्हा एकदा एकट्याने हाक मारत चक्कर घालावी.

19. आमचं मांजर दर महिन्याला तिथेच जाऊन अडकतं. काय करावं?

ते का जातं ते शोधा. बोका असेल तर भाटीच्या मागे किंवा दुसऱ्या बोक्याच्या धाकाने. पाच-सहा महिन्यांचा झाल्यावर नसबंदी केली की हे बरंच थांबतं. गॅलरीला जाळी लावता येते. छपराला टेकलेली फांदी पावसाळ्याआधी छाटता येते, किंवा बुंध्याला माणसाच्या उंचीवर दीड-दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळता येतो.

आणि हे काही शक्य नसेल तर उतरायची सोय कायमची करून टाका. प्रश्न 3 मधल्या त्या चाळीत नंतर पिंपाशेजारी गोणपाट बांधलेली एक फळी पक्की ठोकली. दर पावसाळ्यानंतर तिथल्या एक आजी सुतळी बदलतात. तपकिरी भाटी आता तिच्यावरून रोज खाली येते, आणि तिच्या मागून यंदाची तिन्ही पिल्लंही.